रक्तदाब का वाढतो?

दिल्लीहून मथुरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, राजधानीच्या मध्यापासून सुमारे पस्तीस किलोमीटर अंतरावर बल्लभगढ हे गाव लागते. हरियाणा राज्याच्या फरीदाबाद जिल्ह्यातील हे गाव आता बरेच वाढले असून २०१८ सालापासून दिल्लीची मेट्रो रेल्वे तेथपर्यंत जाते. त्याच्या आसपासच्या खेड्यांत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने १९६५ सालापासून ग्रामीण आरोग्यसेवेचे कार्य चालविले आहे. रक्तदाबाच्या अभ्यासकांना ही खेडी आणि त्यांच्या शेजारचे दिल्ली शहर यांचे विशेष महत्त्व वाटते. याचे कारण असे की, येथील माणसांचा रक्तदाब सुमारे वीस वर्षांच्या अंतराने दोन वेळा पद्धतशीरपणे मोजण्यात आला आहे.

पहिली पाहणी १९९१ ते १९९४ या काळात झाली आणि दुसरी २०१० ते २०१२ या काळात. दोन्ही वेळा ३५ ते ६४ वर्षे वयाचे स्त्री-पुरुष निवडण्यात आले होते. वयाच्या व स्त्री-पुरुषांच्या प्रमाणातील फरकाचा हिशेब करून जे आकडे हाती आले ते असे : दिल्ली शहरात उच्च रक्तदाब असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २३.० वरून ४२.२ वर गेले. बल्लभगढच्या खेड्यांत ते शेकडा ११.२ वरून २८.९ वर गेले. दुसऱ्या पाहणीच्या वेळचे खेडे पहिल्या पाहणीच्या वेळच्या शहराला मागे टाकून पुढे गेले होते.

वीस वर्षे हा काळ एका पिढीपेक्षाही लहान आहे. एवढ्या अवधीत माणसांच्या आनुवंशिक घडणीत फरक पडत नाही. हृदय तेच, रक्तवाहिन्या त्याच. मग दाब का वाढावा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी रक्तदाब म्हणजे काय आणि शरीर तो कसा राखते, हे समजून घेणे अवश्य आहे.

दाब म्हणजे काय?

हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांतून सर्व शरीरात जाते. वाहताना ते रोहिण्यांच्या भिंतींवर जो रेटा देते त्यास रक्तदाब म्हणतात. हा रेटा किती जोरदार असतो याचा पहिला अंदाज स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घेतला. त्याने एका घोडीच्या रोहिणीस उभी काचेची नळी जोडली, तेव्हा नळीतील रक्त आठ फुटांहूनही वर चढले. त्याचा हा प्रयोग १७३३ साली प्रसिद्ध झाला. रोहिणी न कापता दाब मोजण्याची सोय मात्र फार उशिरा झाली. १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रॉची यांनी दंडास बांधावयाचा हवेचा पट्टा तयार केला आणि १९०५ साली रशियाच्या कोरोत्कॉव्ह यांनी पट्ट्याखाली श्रवणनलिका धरून ऐकू येणाऱ्या ध्वनींवरून दाब ओळखण्याची रीत दाखविली.

दाबाचे दोन आकडे सांगितले जातात. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे लोटते त्या क्षणी दाब सर्वाधिक असतो, तो आकुंचन-दाब. हृदय सैल पडून पुन्हा भरू लागते तेव्हा दाब उतरतो, तो प्रसरण-दाब. दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजतात. निरोगी तरुण माणसात ते १२० व ८० च्या आसपास असतात. माणूस शांत बसलेला असताना, वेगवेगळ्या दिवशी मोजूनही पहिला आकडा १४० किंवा त्याहून अधिक, अथवा दुसरा ९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर सामान्यतः उच्च रक्तदाब आहे असे मानतात. जिना चढताना, भांडताना किंवा परीक्षेच्या खोलीत शिरताना दाब वाढतो, तो विकार नव्हे. विश्रांतीच्या वेळीही तो उतरत नाही, तेव्हा विकार म्हणावयाचा.

दोन तोट्या आणि एक हौद

बागेस पाणी घालताना रबरी नळीतील दाब दोन उपायांनी वाढविता येतो. एक तर तोटी अधिक उघडून पाणी जास्त सोडावे किंवा नळीचे तोंड बोटाने चिमटावे. शरीरातही दाब याच दोन गोष्टींवर अवलंबून असतो : हृदय किती रक्त लोटते आणि रक्तवाहिन्या त्यास किती विरोध करतात. विश्रांतीच्या वेळी हृदय दर मिनिटास सुमारे पाच लिटर रक्त पुढे पाठविते. हा प्रवाह मुख्यतः अडतो तो केसासारख्या बारीक रोहिण्यांत. त्यांच्या भिंतींत स्नायूंचे तंतू असतात आणि त्या आवळतात किंवा सैल होतात.

येथे भौतिकशास्त्राचा एक नियम ध्यानात घेण्याजोगा आहे. नळीचा व्यास एक-दशांशाने कमी झाला तर त्याच दाबाखाली तिच्यातून जाणारा प्रवाह एक-दशांशाने कमी होत नाही. तो सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. पूर्वीइतकाच प्रवाह चालू ठेवावयाचा असेल तर दाब जवळजवळ दीडपट करावा लागेल. सूक्ष्म रोहिण्यांच्या किंचित आवळण्यानेही दाब एवढा का चढतो, ते यावरून कळेल.

या दोन तोट्यांखेरीज शरीरात एक हौदही आहे, आणि त्याचे राखणदार म्हणजे मूत्रपिंडे. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव मूत्रपिंडांत गाळला जातो आणि त्यातील दीड-दोन लिटर वगळता बाकी सर्व शरीरात परत घेतला जातो. किती मीठ आणि किती पाणी परत घ्यावयाचे, हे ठरविण्याची सत्ता मूत्रपिंडांकडे आहे. दाब वाढला की निरोगी मूत्रपिंड अधिक मीठ व पाणी बाहेर टाकते आणि हौदाची पातळी उतरते. दाब कमी पडला की ते रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडते. त्यातून पुढे असे द्रव्य निर्माण होते की ते रोहिण्या आवळते आणि मीठ राखून ठेवण्याचा आदेशही देते. रेनिनचा शोध १८९८ साली स्वीडनमध्ये टिगरस्टेट व बर्गमन यांनी लावला. १९३४ साली अमेरिकेतील हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रोहिणीस चिमटा लावून ती अरुंद केली, तेव्हा त्या प्राण्याचा रक्तदाब वाढून तसाच राहिला. उंदरांवरील प्रयोगांत पुढे असेही दिसून आले की, उच्च रक्तदाबाची प्रवृत्ती असलेल्या उंदराचे मूत्रपिंड दुसऱ्या उंदरास बसविले तर ती प्रवृत्तीही त्याच्याबरोबर जाते. म्हणून आजचे शरीरशास्त्रज्ञ मानतात की, दाब क्षणोक्षणी सांभाळण्याचे काम मज्जातंतू करतात, पण महिनोन्महिने तो कोणत्या पातळीवर राहावा याचा निर्णय बव्हंशी मूत्रपिंडे करतात.

ज्यांचे कारण सापडते ते थोडे

काही रोग्यांत वाढलेल्या दाबाचे एक ठळक कारण दाखविता येते. मूत्रपिंडांचा जुनाट आजार, मूत्रपिंडाच्या रोहिणीचे अरुंद होणे, जन्मतःच महारोहिणी एखाद्या ठिकाणी चिंचोळी असणे, मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींत गाठ होणे, ही त्यांपैकी काही होत. अशा एका गाठीतून मीठ राखून ठेवणारे संप्रेरक वाजवीपेक्षा अधिक स्रवते, हे १९५५ साली जेरोम कॉन यांनी दाखविले. काही वेदनाशामक औषधे, स्टेरॉइडे, झोपेत श्वास वारंवार अडण्याचा विकार यांमुळेही दाब चढतो. तरुण वयात एकाएकी दाब वाढला किंवा तीन-तीन औषधे देऊनही तो उतरत नसला, तर वैद्य ही कारणे मुद्दाम शोधतात. कारण सापडल्यास रोगी पुष्कळदा पूर्ण बरा होऊ शकतो.

परंतु अशा रोग्यांची संख्या साधारणपणे दहांत एक किंवा त्याहूनही कमी असते. उरलेल्या नऊजणांत असा एकच अपराधी सापडत नाही. तेथे खरे कोडे सुरू होते.

या कोड्याविषयी १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये एक संस्मरणीय वाद झाला. मँचेस्टरचे रॉबर्ट प्लॅट यांचे म्हणणे असे की, उच्च रक्तदाब हा एक निराळा आनुवंशिक रोग आहे. तो एखाद्यास असतो किंवा नसतो. जॉर्ज पिकरिंग यांनी हे अमान्य केले. रक्तदाबाची स्थिती माणसाच्या उंचीसारखी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. समाजात ठेंगू, मध्यम, उंच असे सर्व प्रकारचे लोक सलग मिळतात. उंच आणि ठेंगू यांच्यामध्ये निसर्गाने रेघ मारलेली नाही. तसेच दाबाचे आहे. १४० ची रेघ वैद्यांनी उपचाराच्या सोयीसाठी ओढली आहे. पुढील संशोधनाने पिकरिंग यांचाच पक्ष बळकट केला. आनुवंशिक द्रव्यात रक्तदाबाशी संबंध असलेल्या हजाराहून अधिक जागा आता आढळल्या असून त्यांपैकी बहुतेक प्रत्येकीचा परिणाम अगदी अल्प आहे. आईबापांस उच्च रक्तदाब असेल तर मुलांस त्याचा धोका अधिक, हे खरे. परंतु वारशाने येते ती प्रवृत्ती, आणि ती किती बळावेल हे पुढील आयुष्य ठरविते.

सर्पगंधेची साक्ष

दाब वाढविण्यात मज्जातंतूंचा वाटा किती असू शकतो, याची एक साक्ष दिल्ली आणि मुंबई या दोन शहरांनी मिळून पुरविली आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडील वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. दिल्लीच्या करोलबागेतील तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्या मुळीचे रासायनिक पृथक्करण केले आणि १९३१ साली तिच्यातून निघालेल्या एका द्रव्यास, त्या संस्थेचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ, ‘अजमलीन’ हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो असे नमूद केले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेले डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरील आपले अनुभव १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि सर्पगंधेकडे जगाचे लक्ष गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील मुख्य द्रव्य, रेसर्पिन, वेगळे करण्यात आले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले.

रेसर्पिन हे मज्जातंतूंच्या टोकांशी साठविलेले, रोहिण्यांना आवळण्याची आज्ञा देणारे द्रव्य रिकामे करते. ते दिल्याने दाब उतरतो, यावरून वाढलेल्या दाबात मज्जातंतूंचाही हात असतो, हे उघड झाले. काही रोग्यांत या औषधाने खिन्नता येते असे आढळल्यामुळे आणि पुढे अधिक सौम्य औषधे निघाल्यामुळे त्याचा वापर आता फारच कमी झाला आहे. परंतु एका अर्थाने त्याने दिलेली साक्ष कायम राहिली : मूत्रपिंडे, मज्जातंतू, संप्रेरके आणि रोहिण्यांच्या भिंती हे चारही दाबाचे भागीदार आहेत, आणि त्यांपैकी कोणा एकास धरून सर्व दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

मनाचा ताण आणि रोहिणीचा ताण

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे जरूर आहे. इंग्रजीतून आलेल्या ‘हायपरटेन्शन’ या शब्दात ‘टेन्शन’ असल्यामुळे पुष्कळांची अशी समजूत होते की, काळजी करणाऱ्या व चिडक्या माणसालाच हा विकार होतो. या शब्दातील ताण मनाचा नसून रोहिणीतील दाबाचा आहे. भीती वा संताप यांनी दाब तात्पुरता चढतो, इतके निश्चित. दीर्घकाळचे मानसिक क्लेश, अपुरी झोप यांचाही काही वाटा असावा असे दिसते. पण त्याचे मोजमाप अवघड आहे. उलट, अतिशय शांत स्वभावाच्या माणसाचा दाब १८० असू शकतो आणि त्याला काहीही जाणवत नसते. ‘मला कसली चिंता नाही, तेव्हा मला रक्तदाब नसणार,’ असे म्हणून कित्येकजण तो मोजण्याचेच टाळतात. या समजुतीने होणारी हानी थोडी नाही.

शरीराचे वजन आणि बालपण

ज्या कारणांचा पुरावा भक्कम आहे त्यांत वजनाचे स्थान वरचे आहे. वजन वाढले की हृदयास अधिक रक्त लोटावे लागते, मज्जातंतू अधिक उत्तेजित राहतात आणि मूत्रपिंडे मीठ राखू लागतात. दारूचे सेवन, बैठे जीवन, फळे व भाज्या यांची कमतरता यांचाही दाबाशी निश्चित संबंध आहे. वयाबरोबर मोठ्या रोहिण्यांची लवचीकता कमी होते, म्हणून उतारवयात विशेषतः आकुंचन-दाब वाढतो.

दिल्लीतीलच आणखी एका अभ्यासाने या प्रश्नाचे मूळ थेट बालपणापर्यंत नेले आहे. दक्षिण दिल्लीच्या एका भागात १९६९ सालापासून संशोधकांनी गर्भवती स्त्रियांची नोंद ठेवावयास आरंभ केला आणि पुढील काही वर्षांत जन्मलेल्या आठ हजारांहून अधिक बालकांची वजने व उंची त्यांनी ठराविक अंतराने टिपून ठेवली. ती बालके मोठी झाली. सुमारे एकोणतिसाव्या वर्षी त्यांतील ज्यांची तपासणी झाली, त्यांच्यापैकी साधारण दहांत एकास उच्च रक्तदाब होता. सातच वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा ते प्रमाण तिघांत एक झाले होते. त्या वयात सामान्यतः कोणी आपणहून वैद्याकडे जात नाही. भारतासह पाच देशांतील अशा नोंदी एकत्र करून पाहिल्या असता असे आढळले की, बालपणाच्या मध्यानंतर ज्यांचे वजन अपेक्षेपेक्षा झपाट्याने वाढते, त्यांना मोठेपणी उच्च रक्तदाबाचा धोका अधिक असतो.

मीठ

मिठाशिवाय अन्नास चव नाही. ताटात पहिल्याने मीठ वाढण्याचा आपला रिवाजच आहे. परंतु शरीराची गरज आणि जिभेची सवय यांत मोठे अंतर पडले आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या पाहणीत ३२ देशांतील ५२ केंद्रांत दहा हजारांहून अधिक माणसांच्या चोवीस तासांच्या मूत्रातील मीठ मोजण्यात आले. त्या केंद्रांत दिल्ली व लडाख यांचा समावेश होता. ब्राझीलच्या अरण्यातील यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांचा सरासरी दाब ९५ व ६१ च्या आसपास निघाला आणि वय वाढले तरी तो वाढत नाही असे दिसले. हे लोक सडपातळ आणि कष्टाळू असतात, हेही खरे. म्हणून सर्व श्रेय मिठाच्या अभावास देता येणार नाही. तथापि म्हातारपणी दाब वाढावयाचाच, हा निसर्गनियम नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार दिल्ली व हरियाणातील प्रौढ माणसाच्या शरीरातून दररोज सरासरी ८.६ ग्रॅम मीठ मूत्रावाटे बाहेर पडते. म्हणजे पोटात किमान तेवढे जाते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला पाच ग्रॅमांहून, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून, कमी मिठाची आहे. पाश्चात्त्य देशांत मीठ मुख्यतः कारखान्यात तयार झालेल्या खाद्यपदार्थांतून जाते. आपल्याकडे त्याचा बराच मोठा भाग घरच्या स्वयंपाकातून, लोणची-पापडांतून आणि ताटातील वरच्या मिठातून जातो. पुडीबंद नमकिनाने त्यात अलीकडे भर घातली आहे.

जादा मीठ रक्तात पाणी धरून ठेवते आणि हौदाची पातळी चढते. ज्यांची मूत्रपिंडे ते चटकन बाहेर टाकतात त्यांचा दाब फारसा वाढत नाही, इतरांचा वाढतो. फळे, पालेभाज्या, कडधान्ये यांतील पोटॅशियम मीठ बाहेर टाकण्यास साहाय्य करते. म्हणून मीठ अधिक आणि भाजी कमी असा आहार दुहेरी नुकसान करतो.

हवा

हिवाळ्यात दिल्लीवर पसरणारे धुराचे आवरण फुप्फुसांस घातक आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याचा रक्तदाबाशीही संबंध आहे, हे अलीकडे स्पष्ट होत चालले आहे. दिल्लीतील पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या वारंवार केलेल्या तपासण्या आणि त्यांच्या निवासस्थानाजवळच्या हवेतील सूक्ष्म कणांचे अंदाज यांची सांगड घालणारा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. महिन्याभराची हवा अधिक दूषित असली की आकुंचन-दाब सरासरीने पावणेदोन मिलिमीटरांच्या आसपास चढलेला दिसला. आणि वर्ष-दीड वर्ष अशी हवा घेणाऱ्यांत नव्याने उच्च रक्तदाब उद्भवण्याचे प्रमाणही अधिक आढळले. श्वासावाटे आत गेलेले कण रक्तवाहिन्यांच्या अस्तरास क्षोभ देतात आणि मज्जातंतूंस उत्तेजित करतात, अशी याची उपपत्ती आहे.

पावणेदोन मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु सुमारे दहा लाख प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे निष्पन्न झाले की, मध्यम वयात आकुंचन-दाब ११५ च्या वर दर २० मिलिमीटरांनी वाढला की अर्धांगवायूने व हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो; आणि दाब नेहमीसाठी अवघ्या दोन मिलिमीटरांनी उतरला तरी अर्धांगवायूचे मृत्यू शेकडा दहांच्या आसपास कमी होतील. एका माणसाच्या बाबतीत दोन मिलिमीटर नगण्य आहेत. कोट्यवधींच्या वस्तीत तेच दोन मिलिमीटर हजारो घरांचे दैव ठरवितात.

माणसाचे कारण आणि वस्तीचे कारण

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. दिल्ली-बल्लभगढच्या दोन्ही पाहण्यांत स्थूलपणा, मद्यपान, रक्तातील वाढलेली साखर आणि अधिक शिक्षण (त्यामागोमाग येणारी सुखवस्तू राहणी) या गोष्टी असणाऱ्यांत उच्च रक्तदाब अधिक आढळला. मग वीस वर्षांत हीच कारणे वाढली, म्हणून दाब वाढला, असे म्हणावयाचे काय? संशोधकांनी तसा हिशेब मांडून पाहिला. त्यांना आढळले की, या सर्व गोष्टींचा प्रभाव वजा केला तरीही दुसऱ्या पाहणीतील माणसास उच्च रक्तदाब असण्याची शक्यता, सांख्यिकीच्या परिभाषेत, शहरात पहिल्या पाहणीच्या मानाने सुमारे २.३ पट आणि खेड्यांत सुमारे ३ पट राहते. मोजलेल्या कारणांनी वाढीचा उलगडा पुरता होत नव्हता.

हा निष्कर्ष निराशाजनक भासला तरी त्यात मोठा बोध आहे. इंग्लंडचे जेफ्री रोझ यांनी १९८५ साली दाखवून दिले की, ‘या माणसास हा विकार का झाला?’ आणि ‘या समाजात हा विकार एवढा का आहे?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गावातील सर्वच लोक सारखे मीठ खात असतील आणि सारखीच हवा घेत असतील, तर त्यांच्यातील एकास विकार होऊन दुसऱ्यास का होत नाही, याचे उत्तर मीठ किंवा हवा यांत मिळणार नाही; ते वजनात किंवा आनुवंशिकतेत मिळेल. परंतु सर्व गावाची पातळी का चढली, याचे उत्तर सर्वांना समान असलेल्या गोष्टींतच शोधावे लागेल. जे सर्वत्र असते ते नजरेस येत नाही. पुराच्या पाण्यात प्रथम सखल घरे बुडतात. ती सखल का, हा एक प्रश्न. पाणी का चढले, हा दुसरा. वैद्य पहिल्याची चिकित्सा करतो. दुसऱ्याची चिकित्सा आहार, हवा, रस्ते व रोजचे जीवनमान यांची आखणी करणाऱ्या समाजाने करावयाची असते.

करावयाचे काय?

दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुरती मिळेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. दिल्लीच्या पाहण्यांतील सर्वांत खेदजनक गोष्ट वाढलेल्या प्रमाणाइतकीच ही होती की, वीस वर्षांत आपला दाब वाढला आहे हे ठाऊक असणाऱ्यांचे, उपचार घेणाऱ्यांचे आणि दाब ताब्यात असणाऱ्यांचे प्रमाण एकंदरीत सुधारले नव्हते. उच्च रक्तदाब दुखत नाही. डोके दुखणे, चक्कर येणे या खुणांवर विसंबून चालत नाही. कित्येकांस पहिली खूण कळते ती अर्धांगवायूच्या झटक्याने. म्हणून अठरा वर्षांवरील प्रत्येकाने आपला दाब अधूनमधून मोजून घ्यावा. दंडाच्या पट्ट्याने तो मोजण्यास पाच मिनिटे पुरतात.

दाब वाढलेला निघाल्यास मीठ कमी करणे, वजन उतरविणे, चालणे आणि दारू सोडणे यांनी तो काही मिलिमीटरांनी निश्चित उतरतो. तंबाखूने दाब तात्पुरता चढतो आणि रोहिण्यांची हानी होते, म्हणून तीही सोडावी. चीनमधील सहाशे खेड्यांत काही लोकांना साध्या मिठाऐवजी एक-चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ पाच वर्षे देण्यात आले. त्यांच्यात अर्धांगवायूचे प्रमाण शेकडा १४ ने घटले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र असे मीठ वैद्याच्या सल्ल्यावाचून वापरू नये.

वैद्याने औषध दिले असेल तर ते नियमाने घ्यावे. दाब उतरला म्हणजे विकार गेला, असे समजून औषध सोडणे ही नित्य आढळणारी गोष्ट आहे. औषध दाबास उतरवून धरते. दाब चढविणारी कारणे जागीच असतात. ‘मला हे नेमके कशामुळे झाले?’ असा प्रश्न प्रत्येक रोगी विचारतो, आणि एकच कारण हाती न आल्यास निदानावरच अविश्वास दाखवितो. ही पुस्तिका वाचणाऱ्याच्या ध्यानी आले असेल की, बहुतेकांच्या बाबतीत त्याचे प्रामाणिक उत्तर ‘अनेक लहान कारणांच्या बेरजेने’ असेच आहे. या बेरजेतील काही रकमा जन्माबरोबर येतात व त्या खोडता येत नाहीत; काही आपल्या ताटात आहेत; काही सर्वांच्या मिळून असलेल्या हवेत आहेत. जी रक्कम ज्याच्या हातची, तिच्यापासून त्याने वजाबाकीस आरंभ करावा.